सासूबाईंचा हात आणि ताज्या कलमातलं मनगट

चिपळूणजवळच्या एका गावातून आलेलं हे पत्र, थोडं आटोपशीर करून:

‘डॉक्टरसाहेब, माझ्या सासूबाईंचं वय ६६. श्रावणातल्या पहिल्या सोमवारी देवळातून परतताना पाखाडीवर शेवाळावरून पाय घसरला आणि त्या उजव्या तळहातावर पडल्या. मनगट लगेच सुजलं, वाकडं दिसायला लागलं. शेजारच्या वाडीतल्या हाडवैद्यांनी तेल लावून चोळलं, कामट्या लावून घट्ट बांधलं. दुसऱ्या रात्री बोटं काळीनिळी पडली, मुंग्या आल्या, म्हणून तिसऱ्या दिवशी दवाखान्यात नेलं. तिथे इंजेक्शन देऊन हाड बसवलं आणि अर्धं प्लास्टर घातलं. त्याला आता आठ दिवस झाले. ते डॉक्टर म्हणतात, प्लास्टरवर भागेल. पाहुण्यांपैकी एकाने फोटो दुसऱ्या डॉक्टरांना दाखवले. ते म्हणतात, प्लेट घाला, नाहीतर हात कायमचा वाकडा राहील. खर्च लाखाच्या घरात आहे. सासूबाईंना साखर आहे आणि त्या ऑपरेशनचं नाव काढू देत नाहीत. त्यांचा प्रश्न एकच, गणपतीत मोदक करता येतील का? बोटं अजून सुजलेली आहेत, तेल लावावं का? कोणी कांडवेल वाटून द्यायला सांगतात, कोणी पायाचं सूप. काय खरं मानायचं?

ता. क. माझा मुलगा १९ वर्षांचा आहे, ठाण्याला शिकतो, तिथल्या गोविंदा पथकात आहे. तीन आठवड्यांपूर्वी सरावात थरावरून हातावर पडला. एक्स-रेत काही निघालं नाही, मुका मार आहे म्हणाले. अजून अधूनमधून दुखतं म्हणतो, पण त्याचं विशेष काही नाही.’

ताई, नमस्कार.

पत्र दोनदा वाचलं. सासूबाईंचा हात तुम्ही पानभर लिहिलात आणि मुलाचा तीन ओळींत उरकलात. मी उलट्या टोकाने सुरुवात करतो, कारण सासूबाईंच्या हाताला काय झालंय ते सगळ्यांना दिसतंय. मुलाच्या हाताला काय झालंय ते कुणालाच दिसलेलं नाही, आणि गोपाळकाल्याला आठवडा राहिलाय.

आज संध्याकाळी त्याला व्हिडिओ कॉल करा. दुखऱ्या हाताचा अंगठा ताणून मागे घ्यायला सांगा, आपण ‘ठेंगा’ दाखवतो तसा. मनगटाच्या अंगठ्याकडच्या बाजूला दोन दोऱ्यांसारख्या शिरा उठतील (शिरा हा आपला बोलण्यातला शब्द, खऱ्या तर त्या स्नायूंच्या दोऱ्या) आणि त्यांच्या मध्ये एक खळगा पडेल. जुने लोक तपकिरीची चिमूट या खळग्यात ठेवून ओढत, म्हणून वैद्यकाच्या पुस्तकात या जागेचं नावच तपकिरीच्या डबीवरून पडलंय. त्या खळग्यात दुसऱ्या हाताच्या बोटाने दाबायला सांगा. मग तळहाताच्या बाजूने, अंगठ्याच्या मुळाशी मनगटाच्या रेषेजवळ जो उंचवटा लागतो, तिथे दाबायला सांगा. मग अंगठ्याचं टोक धरून सरळ मनगटाच्या दिशेने ढकलायला सांगा. यातल्या एकाही ठिकाणी कळ आली, किंवा बाटलीचं घट्ट झाकण उघडताना, जमिनीवर हात टेकून उठताना दुखत असेल, तर तो मुका मार नाही असं धरूनच चालायचं. आणि दाबल्यावर दुखलं नाही तरी सुटका नाही. पडल्यानंतर तीन आठवड्यांनी मनगट दुखतं, एवढं कारण डॉक्टरकडे परत जायला पुरेसं आहे.

त्या खळग्याच्या तळाशी स्कॅफॉइड नावाचं होडीच्या आकाराचं छोटं हाड असतं. मनगटात अशी लहान हाडं आठ, दोन ओळींत बसवलेली. ही होडी दोन्ही ओळींना धरून असते, त्यामुळे तरणाताठा माणूस हात टेकून पडला की मार नेमका तिच्यावर येतो. ती मोडली तरी मनगट वाकडं होत नाही, सूज बेताची येते, बोटं हलतात, मोटारसायकल चालवता येते. पहिल्या दिवशीच्या एक्स-रेत चीर पुष्कळदा दिसतच नाही. केसाएवढी फट, त्यावर बाकीच्या हाडांची सावली. दहा-चौदा दिवसांनी फटीच्या कडांचं हाड थोडं विरघळतं आणि मग ती फोटोत उमटते. म्हणून नियम असा आहे की खळग्यात दुखत असेल तर एक्स-रे साफ असला तरी हात पट्टीत किंवा प्लास्टरमध्ये ठेवायचा आणि दोन आठवड्यांनी पुन्हा फोटो काढायचा. घाई असेल तर एमआरआय करायचा, त्यात पहिल्या काही दिवसांतही कळतं. तुमच्या मुलाला मुका मार म्हणून मोकळं सोडलं, दुसरा फोटो झालाच नाही.

एवढी घाई का, ते सांगतो. तुमच्याकडे नळयोजनेचं पाणी गावाच्या एका टोकाने शिरतं आणि शेवटच्या वाडीला सगळ्यांत उशिरा पोचतं. या हाडाचा रक्तपुरवठा तसाच आहे. रक्त बहुतेक सगळं बोटांकडच्या टोकाने शिरतं आणि उलटं कोपराच्या दिशेने जातं. हाड मधोमध मोडलं की पाइप फुटला, शेवटची वाडी कोरडी. तो तुकडा जुळायला वेळ घेतो, कधी जुळतच नाही, कधी मरतो. न जुळलेली होडी घेऊन माणूस पाच-दहा वर्षं हिंडतो, आणि मग तिशीतच मनगट झिजून संधिवात झालेला सापडतो.

हे मी पुस्तकातून बोलत नाही. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी एका कबड्डी खेळणाऱ्या मुलाला मी ‘लचक आहे, शेक घे’ सांगून घरी पाठवलं होतं. फोटो साफ होता. तो दीड वर्षाने आला तेव्हा होडीचे दोन तुकडे सुटे झाले होते आणि त्यांच्या कडा नदीतल्या गोट्यासारख्या गुळगुळीत. कमरेच्या हाडातला तुकडा काढून मध्ये भरावा लागला, स्क्रू घालावा लागला. हाड जुळलं, पण मनगट पूर्वीसारखं मागे वळलं नाही आणि कबड्डी सुटली. त्याने मला एका शब्दाने बोल लावला नाही. लावला असता तर बरं झालं असतं.

तेव्हा मुलाने या आठवड्यात अस्थिरोगतज्ज्ञाकडे जावं आणि ‘स्कॅफॉइडसाठी वेगळ्या कोनांतले फोटो काढायचेत का’ हे स्वतः विचारावं. मनगटाच्या नेहमीच्या दोन फोटोंत हे हाड तिरकं पडतं, त्याच्यासाठी मनगट करंगळीकडे वळवून आणखी फोटो घेतात. तरीही काही दिसलं नाही आणि दुखतंय, तर एमआरआय. चीर निघाली आणि तुकडे सरकलेले नसले तर प्लास्टरने बहुतेक वेळा जुळते, फक्त आठ ते बारा आठवड्यांची तयारी ठेवावी. २०२० साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात इंग्लंड-वेल्समधल्या ४३९ रुग्णांचा अभ्यास आला. फारसं न सरकलेल्या हाडात लगेच स्क्रू घालणं आणि आधी प्लास्टर देऊन न जुळल्यास लगोलग स्क्रू घालणं, यांत वर्षाअखेरीस फरक निघाला नाही. तुकडे सरकले असले, किंवा कोपराकडच्या टोकाला मोडलं असलं, तर मात्र ऑपरेशनचा विचार लवकर करावा लागतो. सिगरेट-तंबाखू असेल तर ती बंद करायला सांगा, त्याने हाड जुळायला उशीर होतो हे नक्की. आणि यंदा थरावर चढायचं नाही. खालच्या थरातही नाही. रागावेल तर रागावू दे. ढोल-ताशा ऐकायला खाली उभं राहायला कुणाची मनाई नाही.

आता सासूबाई.

त्यांना जे झालंय त्याला कोलीसचं फ्रॅक्चर म्हणतात. कोपरापासून मनगटापर्यंतच्या दोन हाडांपैकी अंगठ्याच्या बाजूचं, रेडियस, मनगटापासून इंच-दीड इंचावर मोडतं आणि पुढचा तुकडा मागे सरकून वर उचलला जातो. बाजूने पाहिलं तर हात जेवणाच्या काट्यासारखा दिसतो, अशी आम्हाला शिकवण. आमच्या वर्गातल्या निम्म्या मुलांनी तोवर काटा हातात धरला नव्हता, त्यामुळे हे काटा प्रकरण परीक्षेपुरतंच पाठ झालं. डब्लिनचे सर्जन अब्राहम कोलीस यांनी १८१४ साली याचं वर्णन छापलं. रोंटगेनला क्ष-किरण सापडले १८९५मध्ये, म्हणजे त्याआधी ८१ वर्षं. कोलीसनी जे ओळखलं ते नुसत्या डोळ्यांनी आणि हातांनी. त्याच लेखात त्यांनी असंही लिहिलंय की हाड न बसवता राहिलं तर व्यंग जन्मभर तसंच राहील, पण कालांतराने हात पूर्ण हलेल आणि दुखायचा थांबेल. तुमच्या दोन डॉक्टरांमधला वाद तोच आहे, दोनशे वर्षांचा.

माझा कल पहिल्या डॉक्टरांकडे आहे. पण फोटो मी पाहिलेले नाहीत, आणि हा वाद मिटतो तो फोटोतच.

आठ दिवस झालेत, म्हणजे पुढचा एक्स-रे याच आठवड्यात काढायचा. अर्धं प्लास्टर सुजलेल्या हातावर घालतात, कारण सूज वाढली तर हाताला जागा हवी. सूज उतरली की तेच प्लास्टर सैल होतं आणि बसवलेलं हाड आत हळूच घसरतं. वयस्क बाईचं हाड तर मागच्या बाजूने चुरलेलं असतं, त्याला टेकू नसतो. म्हणून पहिले दोन-तीन आठवडे दर आठवड्याला फोटो. तीन आठवड्यांनंतर घसरलेलं सापडलं तर ते ओढून बसवायची वेळ गेलेली असते. हाड बसवल्यानंतर लगेच काढलेला फोटो आणि आजचा फोटो शेजारी शेजारी ठेवून तुलना करायला सांगा. पाहुण्यांनी व्हॉट्सअ‍ॅपवर जे पाठवलं ते बसवण्याआधीचे फोटो होते की नंतरचे, हेही विचारा. आधीचे असतील तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत वेगळ्याच हाताबद्दल आहे असं समजा.

फोटोत तीन गोष्टी बघतात. रेडियसचं मनगटाकडचं टोक निरोगी हातात तळहाताच्या दिशेने साधारण ११ अंश झुकलेलं असतं, ते मागे किती झुकलंय. हाड किती आखडलंय. आणि सांध्याच्या गुळगुळीत पृष्ठभागावर पायरी पडलीय का. चाळिशीतल्या, हातावर पोट असलेल्या माणसात झुकाव मागे १० अंशांपेक्षा जास्त, आखूडपणा ३ मिलीमीटरपेक्षा जास्त किंवा पायरी २ मिलीमीटरपेक्षा जास्त राहिली तर आम्ही ऑपरेशन सुचवतो. पासष्टीपुढे हे आकडे तितके कडक लावत नाहीत. ऑस्ट्रियात पासष्टीपुढच्या ७३ रुग्णांचा एक अभ्यास झाला, २०११मध्ये छापला गेला. निम्म्यांना प्लेट, निम्म्यांना प्लास्टर. वर्षभराने प्लेटवाल्यांचे एक्स-रे देखणे होते आणि पकड थोडी जास्त जोरदार होती. पण वेदना, मनगटाची हालचाल आणि रोजची कामं यांत दोन्ही गट सारखेच, आणि ऑपरेशनवाल्यांत गुंतागुंत जास्त. अमेरिकेतल्या अस्थिरोगतज्ज्ञांच्या संघटनेनेही २०२०च्या मार्गदर्शक सूचनांत हेच म्हटलंय, की या वयात ऑपरेशनने दूरचा फायदा दिसत नाही.

हात वाकडा राहील हे दुसऱ्या डॉक्टरांचं म्हणणं खोटं नाही. मनगटाच्या मागे थोडा उंचवटा राहू शकतो, करंगळीकडचं हाड पुढे आल्यासारखं दिसतं. प्रश्न त्या हाताने काय काय करता येईल हा आहे. सासूबाईंना स्वतःला विचारा. मला माहीत असलेल्या बहुतेक आज्या म्हणतात, ‘आता मला कोण बघायला येणार आहे?’

तरीही काही परिस्थितीत ऑपरेशन टाळू नये, वय कितीही असो. हाड कातडी फोडून बाहेर आलं असेल. तुकडा मागे न जाता तळहाताच्या बाजूला घसरला असेल, कारण तो प्लास्टरमध्ये टिकत नाही. सांध्याचा चुरा झाला असेल. आणि नस दबलेली असेल. या शेवटच्या मुद्द्याची मला तुमच्या बाबतीत काळजी आहे. कामट्या बांधलेल्या असताना मुंग्या आल्या, त्या हाड बसवल्यावर गेल्या का, ते तुम्ही लिहिलं नाही. अंगठा, त्याच्या शेजारचं बोट आणि मधलं बोट, या तिघांत बधिरपणा अजून असेल तर आठवडा संपायची वाट बघू नका, उद्याच जा. ऑपरेशन करायचं ठरलंच तर प्लेट हाच एक उपाय नाही, बाहेरून तारा घालूनही हाड धरतात आणि त्याला खर्च कमी येतो. साखर किती आहे ते आधी तपासून घ्या. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत हे बसतं का, ते योजनेतल्या रुग्णालयात बसणाऱ्या आरोग्यमित्राला विचारायला पैसे पडत नाहीत.

हाडवैद्यांबद्दल मी फार बोलणार नाही. ते वाडीत आहेत, रात्री अकराला दार उघडतात आणि पैसे मागत नाहीत, हे मला कळतं. पण मोडलेलं हाड चोळायचं नसतं. आणि ताज्या सुजेवर घट्ट कामट्या बांधणं हा खरोखर जिवाशी नाही तरी हाताशी खेळ आहे. आत सूज वाढत जाते, बाहेरून जागा नसते, रक्त अडतं, स्नायू काही तासांत मरायला लागतात. मग बोटं आखडून पक्ष्याच्या पंजासारखी होतात आणि ती पुन्हा कधीही सरळ होत नाहीत. सासूबाईंनी मुंग्या येतात म्हणून तक्रार केली आणि तुम्ही ऐकलीत, म्हणून हात वाचला. प्लास्टरमध्येही हाच धोका असतो. औषधाने न थांबणारं, वाढत जाणारं दुखणं, बोटं गार किंवा निळी पडणं, बोट दुसऱ्याने सरळ करताना असह्य कळ येणं, यातलं काहीही झालं तर प्लास्टर तातडीने उसवून घ्यायचं. मध्यरात्र असली तरी.

(कुणाच्याही घरात कुणीही हातावर पडलं तर एक काम डॉक्टरकडे जाण्याआधी करा. बांगड्या, पाटल्या, अंगठ्या लगेच काढा. सूज चढल्यावर साबणानेही निघत नाहीत, मग कापाव्या लागतात. लग्नातली पाटली कापताना हाडापेक्षा जास्त रडणाऱ्या बायका मी पाहिल्यात.)

बोटांना तेल नको, चोळणंही नको. सूज उतरते ती हात वर ठेवल्याने आणि बोटं हलवल्याने. झोळी गळ्यात अडकवून हात पोटाशी लोंबत ठेवतात, त्याने सूज वाढते. बसल्या-झोपल्या हात दोन उशांवर, छातीपेक्षा उंच. तळहाताच्या बाजूला प्लास्टर बोटांच्या मुळाशी असलेल्या रेषेच्या आधी संपलंय का बघा. ती रेष झाकली गेली असेल तर मूठ मिटताच येणार नाही, तेवढं कापून घ्या. आणि श्रावण आहे, सासूबाई जप करत असतील. माळ ठेवून द्यायला सांगा. उजव्या हाताच्या पेरांवर अंगठा फिरवत मोजायचं, करंगळीपर्यंत. याहून चांगला व्यायाम मला माहीत नाही, आणि कुणी कंटाळल्याचं ऐकलेलं नाही. सोबत दिवसातून चार-पाच वेळा मूठ पूर्ण मिटणं-उघडणं, कोपर वाकवणं, आणि हात डोक्यावर नेणं. खांदा विसरला तर मनगट बरं होतं आणि खांदा आखडून बसतो.

प्लास्टरच्या आत खाज सुटणार. हिराची काडी आत घालायची नाही. विणायची सुई, फूटपट्टी, पावडर काहीही नाही. साखर असलेल्या माणसाच्या कातडीवर आतला ओरखडा पिकतो आणि वास येईपर्यंत कळत नाही. आंघोळीला वर प्लास्टिकची पिशवी, तीही हात बादलीपासून लांब धरून. कोकणातला ओला श्रावण आहे, प्लास्टर भिजलं तर चुलीपाशी वाळवायचं नाही, बदलून घ्यायचं.

कांडवेलीबद्दल: तिच्यावर अभ्यास झालेत, बरेचसे प्राण्यांवर आणि काही थोड्या माणसांवर. पण घसरलेलं हाड सरळ करायचं काम कोणतीच वेल करत नाही. द्यायचीच असेल तर साखरेच्या गोळ्या चालू आहेत म्हणून डॉक्टरांना सांगून द्या, आणि लेप प्लास्टरखाली सारू नका. पायाच्या सुपात लोक समजतात तेवढं कॅल्शियम उतरत नाही, शिवाय श्रावणात तुमच्याकडे चालणारही नाही. नाचणी मात्र खरी. शंभर ग्रॅम पिठात साधारण साडेतीनशे मिलीग्रॅम कॅल्शियम असतं, आणि पाळी गेलेल्या बाईला दिवसाला १२०० मिलीग्रॅम लागतं असं आपल्या राष्ट्रीय पोषण संस्थेचं माप आहे. दोन नाचणीच्या भाकऱ्या, दूध-दही, तीळ, आणि श्रावण संपल्यावर काट्यासकट खाल्ली जाणारी बारीक मासळी. उरलेलं गोळीतून, डॉक्टर सांगतील तेवढं.

आणि दोन्ही डॉक्टरांच्या वादात एक गोष्ट राहून गेलीय. उभ्या उंचीवरून पडून हाड मोडलं, म्हणजे ते हाड आधीच पोकळ झालं होतं. शेवाळाचा दोष अर्धाच. मनगट हे बहुधा पहिलं मोडतं, त्यानंतर पाठीचा मणका, आणि सत्तरीपुढे खुबा. खुबा मोडलेली म्हातारी माणसं पुष्कळदा पुन्हा स्वतःच्या पायावर घराबाहेर पडत नाहीत. म्हणून प्लास्टर निघालं की हाडांची घनता मोजणारी डेक्सा तपासणी करून घ्या. त्यात ‘टी-स्कोअर’ उणे अडीच किंवा त्याखाली आला तर ऑस्टिओपोरोसिस. ड जीवनसत्त्व, कॅल्शियम आणि मूत्रपिंडाच्या तपासण्याही हव्यात. हाड भरणारी औषधं आहेत, आठवड्याला एक गोळी घ्यायचीही आहेत. ती गोळी सकाळी उपाशीपोटी साध्या पाण्याबरोबर घ्यायची आणि पुढे अर्धा तास आडवं व्हायचं नाही. सासूबाई चहाआधी कशाला हात लावत नसतील तर त्यांना हे आधीच समजावून ठेवा. आणि पाखाडीवरचं शेवाळ कुणीतरी खराट्याने घासून टाका, आजच.

प्लास्टर पाच-सहा आठवडे. निघाल्यावर हात बारीक, कोरडा, खपल्या धरलेला दिसेल, घाबरू नका. मनगट ताठ असेल, तेही अपेक्षित आहे. तेव्हा दोन परीक्षा घ्या. दोन्ही तळवे जुळवून छातीशी नमस्कार करता येतो का? आणि कोपर अंगाला टेकवून तळहात वर वळवून तीर्थ घेता येतं का? या फ्रॅक्चरनंतर तीर्थ घेणं सगळ्यांत उशिरा जमतं. कोमट पाण्यात हात बुडवून रोज थोडं थोडं, स्वतःच्या ताकदीने. दुसऱ्याने जोर लावून मनगट वळवायचं नाही. ओला टॉवेल पिळणं, मग डॉक्टरांनी हो म्हटल्यावर कणीक मळणं. तांब्याभर पाणी एका हाताने उचलणं आणखी पुढे. पकड पूर्ण यायला सहा महिने लागतात, कधी वर्ष.

दोन खुणा लक्षात ठेवा. हाताची आग होत राहिली, कातडी चकचकीत झाली, घाम यायला लागला, नुसता पदर लागला तरी कळ येते असं झालं, तर ती वेदनेची वेगळी व्याधी आहे आणि तिच्यावर जितके लवकर उपचार तितके चांगले. दुसरी: सगळं छान चाललेलं असताना एक दिवस अंगठा वर उचलताच येईना. मनगटामागून जाणारी अंगठ्याची दोरी हाडावर घासून तुटलेली असते, न सरकलेल्या साध्या फ्रॅक्चरमध्येसुद्धा. दुखत नाही म्हणून लोक दुर्लक्ष करतात. जोडता येते, या.

आता मोदक. गणपतीला प्लास्टरला चार आठवडेही पुरे झालेले नसतील, तेव्हा उकड मळणं, नारळ फोडणं, विळीवर बसून खवणणं यातलं काही नाही. मोदकपात्र उचलणंही नाही. हे तुम्ही आणि ठाण्याहून येईल तो मुलगा करा. त्याच्या मनगटाचा निकाल काय लागतो त्यावर तोही एकाच हाताचा असेल, ते बघा. पण कळ्या पाडायचं काम बोटांच्या टोकांचं आहे, मनगटाचं नाही. अंगठा आणि दोन बोटं प्लास्टरच्या बाहेर मोकळीच आहेत. प्लास्टरवर स्वच्छ पिशवी बांधा, डाव्या तळव्यावर पारी ठेवून द्या, आणि दुखत नसेल तितक्या कळ्या सासूबाईंना उजव्या हाताने पाडू द्या. पाच मोदक झाले तरी चालतील. मला फोटो पाठवा, एक्स-रे आणि मोदक दोन्हींचे.